दोन हजार वर्षांचे गरम पाण्याचे कुंड बंद का पडले?

थंडी पडू लागली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. “डॉक्टर, उन्हाळ्यावर आंघोळीला जाऊन येऊ का?” आपल्या कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात हे वाचकांना सांगायला नको. राजापूरजवळचे उन्हाळे, संगमेश्वर तालुक्यातले तुरळ, राजवाडी, आरवली, दापोलीकडचे उन्हवरे, ही नावे आपल्या घरोघरी माहीत आहेत. विचारणारे बहुतेक जण गुडघेदुखीचे किंवा कंबरदुखीचे असतात. त्यांना मी सहसा “जा” असेच सांगतो.

यंदा मात्र प्रश्न थोडा निराळा आला. एक मावशी सात-आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. पोराच्या बोटांच्या बेचक्यांत आणि पोटावर खरूज. “गंधकाच्या पाण्याने खरूज जाते म्हणतात. याला कुंडात चार बुड्या मारून आणू का?” मी पोराला विचारले, “पोहता येतं का रे?” उत्तर मावशींनीच दिले. “येतं म्हणजे काय, विहिरीत सूर मारतो!” तेव्हा मी त्यांना म्हटले, “मावशी, जरा बसा. तुम्हाला एका गावाची गोष्ट सांगतो.” बाहेर रुग्ण खोळंबले होते, त्यामुळे गोष्ट अर्धीच राहिली. ती आज पुरी करतो.

गावाचे नावच ‘आंघोळ’

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात एव्हन नदीच्या काठी बाथ नावाचे शहर आहे. बाथ म्हणजे आंघोळ. तिथे जमिनीतून गरम पाण्याचे तीन झरे येतात. त्यांतला सर्वांत मोठा तो ‘राजाचा झरा’. त्याचे पाणी सुमारे ४६ अंश सेल्सियस तापमानाचे असून दिवसाला अकरा लाख लिटरांहून अधिक पाणी बाहेर पडते. भूगर्भशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, जवळच्या मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस जमिनीत दोन-तीन किलोमीटर खोल मुरला, तिथे तापला आणि खडकांच्या भेगांतून वर आला. म्हणजे आज वर येणारे पाणी हे फार जुन्या पावसाचे आहे.

या झऱ्यांची एक दंतकथा आहे. ब्लाडुड नावाच्या राजपुत्राला कुष्ठरोग झाला. त्याला राज्याबाहेर घालवले, तेव्हा तो डुकरे राखू लागला. डुकरांनाही त्वचेचा रोग जडला. पण ती इथल्या गरम चिखलात लोळली आणि बरी झाली. ते पाहून राजपुत्रही त्यात उतरला आणि बरा झाला. आपल्याकडच्या प्रत्येक कुंडाचीही अशीच एक कथा असते.

रोमन लोकांनी ब्रिटन जिंकल्यावर इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथे सुलिस मिनर्व्हा देवीचे मंदिर आणि स्नानगृह बांधले. मोठ्या कुंडाचा तळ त्यांनी शिशाच्या पत्र्यांनी मढवला. ते पत्रे आजही जागच्या जागी आहेत. झऱ्यात लोक देवीला नाणी वाहत. ज्याने आपली वस्तू चोरली त्याला शिक्षा कर, असे शिशाच्या पातळ पत्र्यावर कोरून तो पत्राही पाण्यात टाकत. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. कुणाचा झगा चोरीला गेलेला, कुणाचे हातमोजे. माणसाचा स्वभाव दोन हजार वर्षांत फारसा बदललेला नाही.

रोमन गेले, कुंडे ढासळली, गाळात बुजली. पण झरा वाहत राहिला आणि त्यावर नवी कुंडे बांधली गेली. १५९० साली पहिल्या एलिझाबेथ राणीने सनद दिली आणि झऱ्यांची देखभाल नगरपालिकेकडे आली. तेव्हापासून हे पाणी सार्वजनिक झाले.

डॉक्टरांचे तीर्थक्षेत्र

अठराव्या शतकात बाथची कीर्ती शिगेला पोहोचली. श्रीमंत लोक संधिवात, पोटाचे विकार, अशक्तपणा अशी नाना कारणे सांगून तिथे येत, महिनामहिना राहत, पाण्यात बसत आणि तेच पाणी पीतही असत. गरिबांसाठी १७४२ साली तिथे एक रुग्णालय सुरू झाले. तिथे सगळ्या देशातून रुग्ण येत आणि उपचार म्हणजे मुख्यतः गरम पाण्यात बसणे.

या रुग्णालयाने जुन्या काळातही नोंदी नीट ठेवल्या. रंगारी, नळ बसवणारे, कुंभारकाम करणारे असे शिशाशी संबंध येणारे कामगार तिथे येत. शिशाची बाधा झाली की पोटात कळा येतात आणि मनगट लुळे पडते. हाताचा पंजा उचलता येत नाही. अशा अनेक रुग्णांना तिथे फायदा झाल्याच्या नोंदी आहेत. पुष्कळ वर्षे डॉक्टर त्यांना हसत. पण १९८० नंतरच्या दशकात तिथल्याच डॉक्टरांनी निरोगी माणसांना तास-दोन तास गळ्यापर्यंत पाण्यात बसवून पाहिले. पाण्याच्या दाबाने हातापायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, मूत्रपिंडांना “शरीरात पाणी जास्त झाले” असा निरोप जातो आणि लघवी वाढते. लघवीबरोबर मीठ बाहेर पडते आणि शिसेही जास्त बाहेर पडते असे दिसले. म्हणजे जुन्या नोंदी अगदीच पोकळ नव्हत्या. गंमत एवढीच की हा गुण गळ्यापर्यंत पाण्यात बसण्याचा आहे, झऱ्याच्या खास पाण्याचा नव्हे. शिवाय रुग्ण काही महिने शिशाच्या कामापासून दूर राहत, हाही मोठा उपचारच होता.

घाण कुणी पाहिली?

एवढे लोक एकाच पाण्यात बसतात ते पाणी स्वच्छ कसे असेल, ही शंका त्या काळातही काहींना आली होती. सॅम्युअल पेप्स नावाचा प्रसिद्ध रोजनिशीकार १६६८ साली तिथे आंघोळीला गेला होता. त्याने नेमकी हीच शंका लिहून ठेवली आहे. पुढे १७५२ साली टोबायस स्मॉलेट या डॉक्टरने पुस्तिकाच काढली. हा डॉक्टर कादंबरीकार म्हणूनही गाजला. त्याचे म्हणणे असे की, साध्या पाण्याच्या आंघोळीनेही तोच गुण येतो, आणि बाथच्या कुंडांची व्यवस्था अस्वच्छ आहे. अर्थात त्याचे फारसे कुणी ऐकले नाही. गावाचा उदरनिर्वाह ज्या पाण्यावर चालतो त्या पाण्याला नावे ठेवणाऱ्याचे कोण ऐकणार?

विसाव्या शतकात सरकारी आरोग्य सेवेतून रुग्णांना तिथे पाण्याचे उपचार मिळत. १९७६ साली ते बंद झाले. गावातला गरम झऱ्याच्या पाण्याचा पोहण्याचा तलाव मात्र चालू राहिला. बो स्ट्रीटवरच्या या तलावात शाळकरी पोरे, नोकरदार, म्हातारी माणसे सगळे पोहायला येत. आपल्या नगरपालिकेच्या तलावासारखाच तो गावाचा तलाव होता. फरक एवढाच की त्याचे पाणी मुळातच गरम होते.

१९७८ साली काय झाले?

१९७८ साली झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक शाळकरी मुलगी आजारी पडली. ताप, डोकेदुखी, उलट्या, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. तिला मेंदूज्वर झाला होता. पण तो नेहमीच्या जंतूंचा नव्हता. तो होता नेग्लेरिया फाउलेरी नावाच्या अमिबाचा. झऱ्याचे पाणी तपासले तेव्हा त्यातही हा अमिबा सापडला.

तलाव बंद झाला. आंघोळ बंद, पोहणे बंद. ज्या गावाचे नावच आंघोळ, तिथे झऱ्याच्या पाण्यात उतरायला कुणालाही परवानगी राहिली नाही. रोमनांपासून चालत आलेली गोष्ट एका मुलीच्या मृत्यूने थांबली. तो तलाव पुन्हा कधीच उघडला नाही. पुढे ती इमारत पाडली गेली आणि आज त्या जागी दुसरीच वास्तू उभी आहे.

हा अमिबा आहे तरी काय?

अमिबा म्हटले की आपल्याला आमांश आठवतो. हा अमिबा निराळा. तो माती आणि गोड्या पाण्यात राहतो, तळाच्या गाळातले आणि शेवाळी थरातले जंतू खातो. त्याला गरम पाणी आवडते. ४६ अंशांपर्यंतच्या पाण्यात तो वाढू शकतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही. पुरेसे क्लोरीन असले की मरतो. त्याच्या नावातला ‘फाउलेरी’ हा शब्द ऑस्ट्रेलियातील डॉ. माल्कम फाउलर यांच्यावरून आला. या रोगाने दगावलेल्या रुग्णांची माहिती त्यांनी सहकाऱ्याबरोबर १९६५ साली प्रसिद्ध केली.

आता महत्त्वाची गोष्ट. हे पाणी प्यायल्याने हा रोग होत नाही. एकापासून दुसऱ्याला लागत नाही. पाणी जोराने नाकात शिरले तरच धोका. सूर मारताना, बुडी घेताना किंवा पाण्यात दंगा करताना पाणी नाकाच्या वरच्या भागात जाते. तिथे वास घेणाऱ्या नसा असतात आणि त्यांच्या वर चाळणीसारखे भोके असलेले पातळ हाड. त्या नसांच्या वाटेने अमिबा थेट मेंदूत शिरतो.

त्यानंतर साधारण एक ते बारा दिवसांत कडक ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या सुरू होतात. मान ताठते, वास-चव बदलते, रुग्ण बरळतो, झटके येतात. लक्षणे सुरू झाल्यावर बहुतेक रुग्ण आठवडाभरात दगावतात. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात १६४ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले फक्त चार वाचले. त्या वाचलेल्यांतली एक नऊ वर्षांची मुलगी. तीही कॅलिफोर्नियात गरम झऱ्यातच डुंबली होती आणि तेही १९७८ सालीच. बाथची मुलगी गेली त्याच वर्षी ही मुलगी वाचली, कारण निदान लवकर झाले आणि योग्य औषध लगेच सुरू झाले.

आकडा वाचून घाबरू नका. एवढ्या मोठ्या देशात साठ वर्षांत १६४, म्हणजे रोग फार दुर्मीळ आहे. ओढ्या-तलावांत रोज लाखो लोक पोहतात, त्यांना काही होत नाही. बुडून मरणारे याच्या कितीतरी पट जास्त. पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. आपल्या शेजारच्या दक्षिणेत, केरळात, २०२४ आणि २०२५ या वर्षांत अमिबांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे बरेच रुग्ण आढळले. त्यांत नेग्लेरियाखेरीज इतर जातींचे अमिबाही होते. २०२४ साली तिथला एक चौदा वर्षांचा मुलगा लवकर उपचार मिळाल्याने वाचला, हीदेखील लक्षात ठेवण्याची बाब आहे.

आणि फक्त झऱ्यांनाच दोष देऊ नये. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील उस्ती नाद लाबेम या गावात १९६२ ते १९६५ या काळात एकाच बंदिस्त पोहण्याच्या तलावामुळे सोळा तरुण-तरुणी दगावली. तलाव दिसायला नवा आणि स्वच्छ. पण भिंतीमागे पोकळी होती, त्यात अमिबा वाढत होता, आणि पाण्यात क्लोरीन कमी पडत होते.

गावाने पुढे काय केले?

बाथच्या लोकांनी दोन गोष्टी केल्या नाहीत. “देवाचे पाणी, त्याला काय होते” असे म्हणून तलाव चालू ठेवला नाही. आणि “पाणीच वाईट” म्हणून झरा बुजवलाही नाही. त्यांनी कारण शोधले. खोलवरून येणारे पाणी शुद्ध होते. वर येताना ते जुन्या गाळातून, मातीतून, हवेच्या संपर्कातून जात होते आणि तिथे त्यात अमिबा मिसळत होता. मग खोल विंधनविहिरी घेऊन वरच्या गाळाचा संबंध न येता पाणी आणले. आंघोळीच्या पाण्यावर शुद्धीकरणाची प्रक्रिया बसवली. बांधकामाला उशीर झाला, खर्च कितीतरी पट वाढला, वाद झाले. अखेर २००६ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, गावातले लोक आपल्या झऱ्याच्या पाण्यात पुन्हा उतरले. रोमनांचे जुने कुंड मात्र आजही फक्त पाहण्यासाठी आहे. त्या पाण्यात हातसुद्धा घालू नका, असे पाहुण्यांना सांगतात.

मग आपण काय करावे?

गरम पाण्यात बसल्याने आखडलेले स्नायू सैल पडतात, सांध्यांवरचा भार कमी होतो, दुखणे काही वेळ थांबते, झोप चांगली लागते. हा फायदा खरा आहे. सांध्यांची झीज मात्र त्याने भरून येत नाही. मधुमेह, दमा, लकवा बरा होत नाही. चालू असलेली औषधे बंद करून कुणी उन्हाळ्यावर जाऊ नये. आपली कुंडे वाईट आहेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. उतरण्याची रीत तेवढी सांगतो.

१. कुंडात बसावे, बुडी मारू नये, सूर मारू नये. डोके पाण्याबाहेर ठेवावे. नाकात पाणी जाता कामा नये. मुलांच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळावे.

२. तळातला गाळ ढवळू नये. साचलेल्या, शेवाळलेल्या कुंडापेक्षा वाहते पाणी बरे. त्याहून बरे म्हणजे पाणी बादलीत घेऊन तांब्याने अंगावर घेणे.

३. आधी पायाने नव्हे, हाताच्या कोपराने पाणी तपासावे. आपल्याकडे काही झऱ्यांचे पाणी हात घालवत नाही इतके कढत असते. मधुमेहींच्या पायांना चटका कळत नाही, भाजते आणि जखम चिघळते.

४. दहा-पंधरा मिनिटे पुरे. उठताना सावकाश उठावे, नाहीतर घेरी येते. रक्तदाब व हृदयविकाराच्या रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गरोदर बायकांनी कढत पाण्यात बसू नये. दारू पिऊन तर मुळीच उतरू नये.

५. खरूज, नायटा, वाहती जखम असलेल्याने सार्वजनिक कुंडात उतरू नये.

६. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून कोमट केलेलेच वापरावे. थेट नळाचे किंवा विहिरीचे नको. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांना हाच रोग होऊन मृत्यू आला.

७. पोहून आल्यावर बारा-चौदा दिवसांत कडक ताप, जोराची डोकेदुखी व उलट्या झाल्यास घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. मोठ्या रुग्णालयात जावे आणि “अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोहलो होतो” हे न विचारता सांगावे. पाठीतल्या पाण्याची ताजी तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली केली तर हा अमिबा दिसू शकतो. पण डॉक्टरला पोहल्याचे माहीतच नसेल तर तो शोधणार कसा?

आणि एक विनंती ग्रामपंचायतींना व नगरपालिकांना. वर्षातून निदान एकदा कुंडाचा गाळ काढा, भिंतींच्या भेगा बुजवा, शेवाळ घासून काढा, पाणी वाहते ठेवा. पोहण्याच्या तलावातले क्लोरीन रोज मोजा आणि तो आकडा फलकावर लिहा. याला फार पैसा लागत नाही.

त्या मावशी परवा पुन्हा आल्या होत्या. पोराची खरूज मलमाने गेली. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावले आणि कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुतली, म्हणून गेली. खरूज गंधकाने बरी होते हे मावशींचे म्हणणे तसे खोटे नव्हते. गंधकाचे मलम आम्ही डॉक्टरही पूर्वीपासून देत आलो. पण ते मलमातले गंधक. कुंडाच्या पाण्यात ते तेवढे नसते.

“आता नेऊ का उन्हाळ्यावर?” त्यांनी विचारले.

“न्या,” मी म्हटले. “पण काठावर बसवा आणि तांब्याने पाणी घाला. सूर मारायचा तर तो विहीर उपसल्यावर, नाक दाबून.”

पोराचा चेहरा पडला. पण मावशींनी मान डोलावली आणि जाताना दारातून म्हणाल्या, “त्या इंग्लंडच्या पोरीची गोष्ट मी आमच्या आळीत सगळ्यांना सांगितली.”

वाचकहो, तुम्हीही सांगा.